बूच

नाझिब्रोला, तुझ्या लिंबाबद्दल
तीन रविवार मी खोटं बोललो.
फोनवर "झकास आहे" म्हणत होतो
तेव्हा तो माझ्यासमोर कान पाडून उभा होता,
सज्जाच्या काचेशी,
भिजलेल्या गाढवासारखा.

दोन वर्षांपूर्वी बारीला निघालीस, परक्या म्हातारीला भरवायला,
किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणालीस,
"बोंदो, फार लाड करू नकोस."
एवढंच.
मी तर जन्मभर ट्रॉलीबस चालवलेला,
तारेला धरून जाणारा माणूस.
पण ज्या तिबिलिसीत
पाहुण्याचा पेला अर्धा दिसला की यजमानाला लाज वाटते
तिथे कोरडी कुंडी बघवते का कुणाला?
रोज संध्याकाळी एक पेला माझा, एक सुरई त्याची.
त्याच्या आयुष्याला. तुझ्या परतण्याला.
माझ्या गुडघ्यांना, मेलेल्या भावाला,
कुणी उरलं नाही की पुन्हा त्याच्या आयुष्याला.

पानं लोंबली. मी म्हटलं, तहान.
आणखी ओतलं.
आणखी लोंबली.
मग वाटलं, उपाशी असेल बिचारा,
भर डिसेंबरात दोन मुठी खत.
पानांच्या कडा करपल्या,
भट्टीच्या भिंतीला चिकटून राहिलेल्या पावासारख्या.
अति मी केलं, भोवलं मातीला.
अकरा पानं गळली. बशीत ठेवलीत,
टाकवेनात.

चौथ्या रविवारी कबूल केलं.
तू ओरडली नाहीस. तुझ्यामागे कुणीतरी खोकत होतं.
"बोट घाल मातीत," म्हणालीस, "दोन पेरं."
घातलं. चिखल माखून बाहेर आलं.
"वास?"
तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा.
"उचल कुंडी."
उचलली. आधी कंबर बोलली, मग मी: जड आहे.
"मग ती तहान नाही रे.
बुडणारं झाड आणि तहानलेलं झाड
सारखीच पानं टाकतात.
तोंड बघून कळत नाही.
सिन्योरा फिलोमेनाही मान हलवते,
कधी 'आणखी', कधी 'पुरे', मान तीच.
मी चमचा हातात धरून थांबते,
गळ्याकडे बघत."

मग म्हणालीस, तळाचं भोक बघ.

इथे मी गप्प झालो.
भोक मीच बुजवलं होतं, ऑक्टोबरात,
वाईनचं बूच ठोकून,
कारण खालच्या क्सेनियाच्या चादरींवर थेंब पडायचे
आणि तिचं तोंड तुला माहीत आहे.
स्क्रू लावून ओढलं.
फट्‌ आवाज झाला, सणासुदीला होतो तसा,
आणि काळं पाणी सुटलं
ते सज्जाच्या फळ्यांतून थेट खाली.
चादरी होत्याच.
रात्री अकरा वाजता आख्ख्या अंगणाने ऐकलं
माझ्या आजीपर्यंतच्या सगळ्यांचं काय काय व्हावं ते.
तू तिकडे हसत होतीस.
मी फोन कठड्याबाहेर धरून ठेवला,
तुला नीट ऐकू यावं म्हणून.

आता कपाटावर कागद चिकटवलाय:
दोन पेरं कोरडी झाल्याशिवाय नाही.
सकाळीच. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी,
तळातून निथळेपर्यंत पोटभर,
घोट घोट नाही.
ताटलीत साचलं की अर्ध्या तासात फेकायचं.
खत मार्चनंतर, फिक्या चहाइतकं,
तेही पाणी पिऊन झालेल्या मातीला;
कोरड्या मुळांना खत म्हणजे रिकाम्या पोटी दारू
(हे माझं, तुझं नाही).
हिवाळ्यात झोपू द्यायचं.
सगळ्यात खाली पेन्सिलने क्सेनियाचं अक्षर:
आधी मला हाक मारायची.

मार्चमध्ये येते म्हणालीस.
गेल्या मार्चलाही म्हणाली होतीस.
त्यावर मी काही ओतत नाही.

रोज उठून कुंडी उचलतो,
क्षणभर पेलतो, ठेवतो.
सोमवारी जड. गुरुवारी जड.
पुढच्या सोमवारीही, पण कंबर काही बोलली नाही.
आज अशी उचलली गेली
की मीच मागे झुकलो.
बादली भरलेली होती.
कठड्यावरून वाकून म्हटलं,
क्सेनिया, चादरी काढ.